मित्राची म्हणून सांगितलेली गोष्ट

मी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. माझ्या बायकोला जाऊन चौदा महिने झाले. ती होती तोवर मी हे लिहिलं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून थांबलो असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. मला तिची भीती वाटत होती.

न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या काही घरांत एका माणसाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. नोकरी गेल्यावर त्याने ते बायकोपासून सहा महिने लपवलं, रोज टाय बांधून घराबाहेर पडत राहिला, अशी. तो माणूस आता नाही. ती गोष्ट त्याची नव्हती, माझी होती. सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्यावर भागत नाही. कारण त्याने माझा विश्वासघात केला असं मला बरीच वर्षं वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. टेलिफोनची यंत्रं बनवणारी कंपनी होती, एकोणीस वर्षं मी तिथे काढली होती. एका सकाळी आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना एकेक करून आत बोलावलं आणि अकरा वाजता मी माझ्या सामानाचं खोकं घेऊन पार्किंगमध्ये उभा होतो. जूनमध्ये मुलीचं लग्न होतं. घरी पोचलो तेव्हा बायको नागपूरला विहीणबाईंशी फोनवर बोलत होती. "यांच्या रजेची काळजी नाही हो," ती म्हणत होती, "एवढ्या वर्षांची नोकरी आहे, कोण अडवणार?" मी लवकर का आलो असं तिने हाताने विचारलं. मी डोक्याला हात लावून डोकं दुखतंय अशी खूण केली. खोकं गाडीच्या डिकीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी टाय बांधला. तिने डबा दिला. पोळी, भाजी, कागदात बांधलेली कोशिंबिरीची छोटी डबी. मी आमच्या पिस्कॅटवेपासून पंचवीस मैल पश्चिमेला एका लहानशा गावाच्या लायब्ररीत जाऊन बसलो. जवळची लायब्ररी चालली नसती. आमच्या भागात दर तिसऱ्या टेबलावर कोणीतरी "काका, तुम्ही इथे?" म्हणालं असतं. मुलीचं लग्न पार पडू दे, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. कंपनीने सहा महिने पगार चालू ठेवला होता, त्यामुळे बँकेच्या कागदांत काही दिसत नव्हतं. मी सकाळी अर्ज लिहायचो, दुपारी गाडीत बसून डबा खायचो, पाचला निघून सहाला घरी यायचो. "आज काय झालं ऑफिसात?" ती विचारायची. मी काहीतरी सांगायचो. पहिल्या आठवड्यात जड गेलं. नंतर मला त्या नसलेल्या ऑफिसातल्या माणसांची भांडणंसुद्धा सुचायला लागली.

सव्वा महिन्याने माझ्या मित्राने मला तिथे पकडलं. आम्ही दोघं एकाच वर्षी या देशात आलेले, पहिली दोन वर्षं एका खोलीत राहिलेले. त्याची नोकरी राज्याच्या रस्ते खात्यात होती आणि त्या गावाजवळ एका पुलाचं काम चाललं होतं. तो लायब्ररीत बाथरूम शोधत आला होता. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी टाय घालून बसलेलो.

"मीटिंग आहे का?" तो म्हणाला.

"हो."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. "यांच्याशी?"

मला हसू आलं. तो समोर बसला. "किती दिवस?"

"सव्वा महिना."

"घरी?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. वहिनींनाही नाही." आमच्या बायका रोज फोनवर बोलायच्या. वहिनींना कळलेलं आमच्या घरी कळायला दुपार लागली नसती.

"नाही सांगणार," तो म्हणाला. मग घड्याळ बघून म्हणाला, "जेवलास?"

त्या दिवसापासून तो दर बुधवारी यायचा. साइटवर जायचं निमित्त करून दीड तास काढायचा. आम्ही त्याच्या गाडीत हीटर लावून जेवायचो, काचांवर वाफ धरायची. तो मला धीर वगैरे काही द्यायचा नाही. रस्त्याच्या डांबराबद्दल बोलायचा, कॉन्ट्रॅक्टरला शिव्या द्यायचा. कधी माझे अर्ज वाचून म्हणायचा, "हे काय, तू नोकरी मागतोयस की सत्यनारायणाचं निमंत्रण देतोयस?" जूनमध्ये लग्न झालं. लग्नात तो पंगतीत वाढत फिरत होता आणि माझ्याजवळ येऊन दरवेळी फक्त "बरा आहेस ना?" एवढं विचारत होता. लग्नानंतरही आज-उद्या करत मी सांगणं ढकललं, आणि ऑगस्टमध्ये मला एका लहान कंपनीत कमी पगाराची नोकरी लागली. मी बायकोला सांगितलं की जुन्या कंपनीचा कंटाळा आला म्हणून बदलली. ती म्हणाली, "आधी विचारायचं तरी." तिथे तो विषय संपला. सांगायची वेळ निघून गेली होती, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

बायको आमच्या संसाराबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, "आमच्यात एक आहे. काही असो, आम्ही एकमेकांपासून लपवत नाही." लोकांसमोर म्हणायची. मी मान हलवायचो.

आता स्पॅनिशचं सांगतो. दोन हजार पाचपर्यंत आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो. मित्राच्या मुलाचं लग्न एका मुलीशी ठरलं, तिचे आईवडील पेरू देशातून आलेले. वडिलांना इंग्रजी थोडं यायचं, आईला मुळीच नाही. माझ्या मित्राला याची फार रुखरुख लागली. "अरे, विहीणबाईंशी मी दुभाष्यामार्फत बोलू? मानपान करायचा आणि मध्ये कोणीतरी तिसराच बोलणार? एवढं तरी आलं पाहिजे की या, बसा, आणखी थोडं घ्या." त्याने कम्युनिटी कॉलेजात मंगळवार संध्याकाळचा वर्ग शोधून काढला आणि सोबत म्हणून मलाही ओढलं. "तुला काय, लायब्ररीत बसायची सवय आहेच," तो म्हणाला. असा विनोद तो फक्त आम्ही दोघंच असताना करायचा, म्हणून मी हसायचो.

वर्गात आम्ही बारा जण होतो. दोन नर्सेस, एक आगीच्या बंबावरचा दांडगा माणूस, एक निवृत्त शिक्षिका, असे. आणि नागपूरची एक मुलगी, विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करणारी. तिच्या लॅबमध्ये दोघी स्पॅनिश बोलणाऱ्या होत्या आणि त्या आपल्याबद्दल बोलतात असा तिला संशय होता. "काका, मला बोलायचं नाहीये यार, फक्त समजलं पाहिजे," ती म्हणायची. साहजिकच तिला आम्हा सगळ्यांत सर्वांत जास्त समजायचं. शिकवणाऱ्या बाई कोलंबियाच्या होत्या, पन्नाशीच्या, उंच आवाजाच्या. आम्ही चुकलो की त्या छातीवर हात ठेवून डोळे मिटायच्या. मित्र वर्गात सगळ्यांत ढ होता आणि सगळ्यांत लाडका. दोन टर्म झाल्या तरी त्याला एकच धडा चांगला यायचा: माणसाचा दिवस. उठतो, आंघोळ करतो, कपडे घालतो, न्याहारी करतो, कामाला जातो.

दुसऱ्या टर्मच्या शेवटी, दोन हजार सहाच्या मे महिन्यात, बाईंनी सगळ्यांना जेवायला बाहेर नेलं. त्यांच्या ओळखीचं एक कोलंबियन रेस्टॉरंट होतं, मागची खोली आमच्यासाठी ठेवली होती. घरच्यांना आणायची मुभा होती. वहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला गेल्या होत्या, म्हणून मित्र आमच्याच गाडीतून आला. बायकोने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. गाडीत मित्र कागद काढून पाठ करत होता. नियम असा होता की गोड पदार्थ येईपर्यंत विद्यार्थ्यांनी स्पॅनिशच बोलायचं, आणि प्रत्येकाने उभं राहून तीन मिनिटं एक खरी घडलेली गोष्ट सांगायची.

"तुझी कुठली?" मी विचारलं.

"मुलाच्या साखरपुड्याची. दोन पानं आहेत. होणाऱ्या सुनेकडून तपासून घेतलीत."

"भावजी, तुम्हीच पहिले येणार बघा," बायको म्हणाली.

लांब टेबल होतं. भात, काळा राजमा, पिकलेल्या केळ्यांचे तळलेले काप. बायको म्हणाली, "हे तर आपलेच काप, फक्त साखर घालायला विसरलेत." तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नागपूरची मुलगी. समोर मित्र. चिठ्ठ्या काढून क्रम लागला. मी बर्फात गाडी घसरल्याची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही, कारण बर्फात गाडी सगळ्यांचीच घसरलेली होती. बंबवाल्याने मांजर वाचवल्याचं सांगितलं आणि टाळ्या मिळवल्या.

मित्राची पाळी आली. तो उभा राहिला, चष्मा लावला, खिशातून कागद काढला. बाईंनी उठून तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. सगळे हसले. तोही हसला. मग त्याचं हसू कमी कमी होत गेलं. तो छताकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा खाली बसेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, काहीतरी सापडल्यासारखा.

"उन आमिगो," तो म्हणाला. एक मित्र.

माझा एक मित्र सकाळी सहा वाजता उठतो. आंघोळ करतो. टाय बांधतो. लोक हसले, कारण तो धडा सगळ्यांना पाठ होता. बायको त्याला जेवण देते. तो गाडीत बसतो. पण त्याला काम नाही. तो लायब्ररीत जातो.

मला पहिल्यांदा वाटलं की मी चुकीचं ऐकतोय. माझं स्पॅनिश काही फार चांगलं नव्हतं. मग तो म्हणाला, बायकोला माहीत नाही. हे वाक्य इतकं सोपं होतं की चुकीचं ऐकायला जागाच नव्हती.

सोमवारी तो उठतो, टाय बांधतो, लायब्ररीत जातो. मंगळवारी तो उठतो, टाय बांधतो, लायब्ररीत जातो. त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते, म्हणून तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दरवेळी हशा वाढत होता. बंबवाला टेबलावर हात आपटत होता. मित्राला असं हसू आजवर मिळालं नव्हतं. तो रंगात आला. पेंगणारे म्हातारे गृहस्थ आले. गाडीत एकट्याने जेवणं आलं.

माझ्या शेजारी बायको त्या मुलीच्या कानाशी लागली होती. "काय गं? काय म्हणतायत?"

"काकू, एक माणूस आहे, त्याचा जॉब गेला. तर तो घरी सांगतच नाही. रोज तयार होऊन निघतो, लायब्ररीत जाऊन बसतो."

"आणि बायकोला?"

"पत्ताच नाही. ती रोज लंच पॅक करून देते, आणि हा गाडीत बसून खातो."

"अगं बाई. म्हणजे ती पोळ्या लाटतेय आणि हा..." ती हसायला लागली. मनापासून हसायला लागली. पदराने डोळे टिपत म्हणाली, "बावळटच असणार गं ती. इतके दिवस घरातल्या माणसाच्या तोंडावरून कळत नाही म्हणजे काय?"

मी केळ्याच्या कापाचे तुकडे करत होतो. त्याचे मी बरेच तुकडे केले.

मित्राने शेवटी आणखी दोन वाक्यं म्हटली. शेवटी त्याला काम मिळतं. तो माझ्या ओळखीतला सगळ्यांत धीराचा माणूस आहे. टाळ्यांत ती बुडून गेली. त्या मुलीने ती भाषांतरित केली नाहीत, मीही ती तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखी केली. तो बसताना त्याने माझ्याकडे पाहून पाण्याचा ग्लास किंचित उचलला. त्याला वाटत होतं की हे आमच्या दोघांतलंच आहे, बाकी टेबलाला कुणाचं ते कळणार नाही, आणि माझ्या बायकोला तर स्पॅनिश येतच नाही. शेजारी बसलेली मुलगी त्याच्या हिशेबातच नव्हती.

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहून ठेवतो. आयुष्यात एका माणसासमोर मी उघडा पडलो होतो आणि त्याने मला वर्गाच्या टाळ्यांसाठी विकलं. ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजेचे होते. त्यांची त्याने मजेची गोष्ट केली, आणि ज्या बाईपासून मी ते लपवले तिलाच हसवलं. ती स्वतःला बावळट म्हणाली आणि तिला ते कळलंही नाही. हे मी आजही विसरू शकत नाही. त्याने ती गोष्ट सांगायला नको होती.

परत येताना तो मागच्या सीटवर होता, खुशीत. "साखरपुड्यापेक्षा बरी झाली," तो म्हणाला. त्याला त्याच्या घरी सोडलं. त्याने खाली उतरून खिडकीशी वाकून विचारलं, "रागावलास का रे?" बायको शेजारी बसलेली होती. मी म्हणालो, "छे." आणि गाडी काढली.

सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, ती गोष्ट कोणाची होती?"

"कोणास ठाऊक. मित्राची म्हणाला."

"लोक स्वतःचंच मित्राचं म्हणून सांगतात." मघाचं हसू ओसरलं होतं. "भावजींचीच नाही ना?"

"असेल," मी म्हणालो.

सिग्नल हिरवा झाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"थोडंसं."

'असेल' हा शब्द घाबरून तोंडातून निघाला, त्याची मी सबब सांगू शकतो. 'थोडंसं' मी विचार करून म्हणालो. सिग्नल आणि पुढचं वळण यांच्यामध्ये मला पुरेसा वेळ होता. त्याने मला दिलं होतं, मी त्याला परत दिलं. आणि आणखी एक. पस्तीस वर्षांच्या संसारात 'हे कोणाला सांगू नकोस' असं बायकोला केव्हा म्हणायचं ते मला पक्कं कळत होतं. त्या दिवशी मी ते म्हणालो नाही.

जुलैत वहिनी परत आल्या. बायको त्यांना भेटायला गेली. तिचा हेतू वाईट नव्हता हे मला सांगितलंच पाहिजे. ती धीर द्यायला गेली होती. मनाला लावून घेऊ नका, ही माणसं आपल्यासाठीच करतात, असं काहीतरी म्हणाली. वहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं हे कळल्यावर ती गडबडली, पण तोवर सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. मित्राची गाडी येऊन थांबली. तो उतरला, पण गवतावर आला नाही, कडेच्या सिमेंटवरच उभा राहिला.

"माझ्यावर ढकललंस?"

"तिने विचारलं. मी नाही म्हणालो नाही."

"का रे?"

"तू मला भर जेवणात नागडं केलंस म्हणून."

"कोणाला कळलं?"

"मला कळलं."

त्याने मान हलवली. "चुकलंच. कागद काढून घेतला रे तिने. डोक्यात दुसरं काही येईना. मला तेवढेच शब्द येतात. उठतो, जातो, जेवतो. तेवढ्या शब्दांत बसेल अशी एकच खरी गोष्ट मला माहीत होती." मग म्हणाला, "शेवटचं वाक्य ऐकलंस का?"

"नाही," मी म्हणालो. हेही खोटं.

"बरं. आता ही काय म्हणते ऐक. ही म्हणते, त्या पुलाच्या कामाच्या वर्षी दर बुधवारी मी ऑफिसात फोन करायचे, तुम्ही नसायचात. साइटवर केला तर तिथेही नसायचात. म्हणजे खरंच आहे. आता मी बुधवारी कुठे होतो हे हिला काय सांगू?"

त्याचे बुधवार माझ्याकडे होते.

"सांग मग खरं," मी म्हणालो. तो सांगणार नाही हे मला माहीत होतं.

"सांगू?" त्याने विचारलं.

तो खरंच विचारत होता. माझी परवानगी मागत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. बायको आत भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. मी पाण्याच्या नळीचं तोंड दुसऱ्या झाडाकडे वळवलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली.

"बरं," तो म्हणाला. "माझ्या तोंडून गेलं होतं, मीच निस्तरतो." आणि गेला.

त्यानंतर आम्ही मंडळाच्या गणपतीत, कोणाच्या मुलांच्या लग्नांत भेटायचो. नमस्कार करायचो. स्पॅनिशच्या वर्गाला मी परत गेलो नाही, तो आणखी एक टर्म गेला असं ऐकलं. त्याच्या मुलाच्या लग्नात तो पेरूच्या विहीणबाईंना हाताला धरून पंगतीत बसवत होता आणि काहीतरी बोलत होता, त्या हसत होत्या. मी लांबून पाहिलं. लोक विचारायचे, "तुम्ही दोघं हल्ली दिसत नाही एकत्र?" मी सांगायचो की वय झालं, होत नाही. मनात म्हणायचो, ज्याने मला विकलं त्याच्याबरोबर काय दिसायचं. तो माझ्यासाठी घरात गुन्हेगार होऊन राहत होता आणि मी मात्र फसवला गेलेला माणूस म्हणून जगत होतो. मला ते दुखणं आवडायलाही लागलं होतं. त्याने स्वतःचं काम मागे सोडून माझ्यासाठी किती बुधवार घालवले, याचा विचार मनात आला की मी ती केळ्याची प्लेट आठवायचो. ती आठवली की बरं वाटायचं.

दोन हजार आठच्या सुरुवातीला तो हृदयविकाराने गेला. आम्ही भेटायला गेलो. घरात माणसं होती, कोणीतरी चहा करत होतं, मी कप आणून देत होतो. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "माणूस लाख चांगला. पण सहा महिने मला फसवलं हो त्यांनी. शेवटपर्यंत मनातून गेलं नाही." बायको म्हणाली, "जाऊ द्या आता." माझ्या हातात चार कप होते. मी ते नेऊन ठेवले आणि परत आलो. दोन पावलांवर त्या दोघी बसल्या होत्या. तिथे उभा राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी कोट घेतला आणि बाहेर गाडी गरम करायला गेलो.

नंतर वहिनी मुलाकडे सिअॅटलजवळ बॉथेलला राहायला गेल्या. आम्हाला नवीन वर्षाचं कार्ड यायचं. वर्षं गेली. बायको आजारी पडली, गेली. शेवटच्या दिवसांत ती एकदा म्हणाली, "आपलं बरं झालं, आपण काही लपवलं नाही." मी तिचा हात धरून बसलो होतो. तेव्हाही नाही.

या मार्चमध्ये मी विमानाने सिअॅटलला गेलो. मित्राचा मुलगा घ्यायला आला होता, आता त्याचे केस पांढरे झालेत. बॉथेलला बारीक पाऊस चालू होता. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, पायावर शाल. नातीशी अर्धं मराठी अर्धं स्पॅनिश बोलत होत्या. नात गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि लायब्ररीपासून सुरुवात करून अंगणापर्यंत सगळं सांगितलं. 'थोडंसं' हा शब्दही सांगितला.

झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, सांगू का म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"गप्प बसलो."

"भावजी, त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या गोळ्या मोजत होते. रोज रात्री. घेतल्या म्हणतील आणि घेणार नाहीत, म्हणून. डॉक्टरांकडे गेले की मी मागून डॉक्टरांना फोन करायचे, खरं काय ते सांगा म्हणून. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, मोजून झाल्या की दिवा बंद कर. बस. एवढंच." मग म्हणाल्या, "मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर तेवढं दीड वर्ष तरी सुखाचं गेलं असतं."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

"मला सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या. "मी हे किती जणींना सांगितलंय. मुलाला सांगितलंय. तुझे वडील असे वागले होते म्हणून. तुम्ही लिहून काढा. मी पाठवते ज्याला त्याला."

"कोणाचं नाव घालू?"

"नावं नकोत. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल."

म्हणून हे लिहिलं. गेल्या आठवड्यात मी ते त्यांना फोनवर वाचून दाखवलं. दोनदा थांबावं लागलं, एकदा त्यांच्यामुळे, एकदा माझ्यामुळे. जेवणाच्या जागी पोचलो तेव्हा मी म्हणालो, त्याने ती गोष्ट सांगायला नको होती हे वाक्य काढून टाकतो. त्या म्हणाल्या, राहू द्या, नको होतीच सांगायला. पुढे वाचा.

शेवटापर्यंत वाचून झालं.

"आणि हे बघा," मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलं असं त्यात काही घालू नका. ते मी अजून ठरवलेलं नाही."

"नाही घालत, वहिनी," मी म्हणालो.